मुरादभाईंची खाणावळ, बदरुन्निसाची चूल

महाडच्या मोटारतळाजवळ मुरादभाईंची खाणावळ होती. तिथं पाय टाकलेला माणूस गिऱ्हाईक राहत नसे, पाहुणा होई. "या, या, घर आपलंच हाय!" म्हणत मुरादभाई स्वतः बाक पुसून देत, शेजारी टेकत आणि आईचं नाव विचारत.

ही रीत त्यांनी ओडेसाहून आणली होती. तुडीलचा हा गडी तरुणपणी आगबोटीवर खलाशी होता. चौदा सालच्या लढाईत तुर्कांनी समुद्राची वाट बंद केली आणि बोट ओडेसा बंदरात अडकून पडली. बाहेर बर्फ, अंगात सुती सदरा, तोंडात तिथली भाषा नाही. तेव्हा गल्लीतल्या खाणावळीच्या ओक्साना नावाच्या युक्रेनी बाईनं या परक्या पोरांना आत घेतलं, बिटाचं लाल आंबट सार वाढलं, शेजारी बसून खाणाखुणांनी त्यांच्या आयांची नावं विचारली. "तिनं जगवला मला," असं मुरादभाई येईल त्याला सांगत.

तेच सार आता महाडात मिळायचं. बिटं महाबळेश्वराहून पोलादपुरावरून मोटारीनं उतरत, आंबटपणाला कोकम पडे. आणि ते रांधायची बदरुन्निसा, मुरादभाईंची बायको, गोणपाटाच्या पडद्यामागं.

पहाटे झाडायला तेवढी ती पुढच्या खोलीत जाई. तेव्हा दार बंद असे, बाकं भिंतीला उभी. पडद्यामागून ती माणसांना आवाजानं ओळखायची. पोलादपूरचा अब्बास ड्रायव्हर खोकला की त्याच्या कालवणात ती तिखट कमी घाली. त्याचा चेहरा मात्र तिला ठाऊक नव्हता.

तिच्या माहेरी, नाते गावात, धाकट्या बहिणीचं, झुबेदाचं, लग्न निघालं. बदरुन्निसानं बोचकं बांधून ठेवलं. सकाळी मुरादभाई म्हणाले, "आज घाटावरनं लोक येनार गो. दारातून उपाशी कसे धाडू?" त्यात राग नव्हता, जबरदस्ती नव्हती. भांडावं तरी कशाशी? तिनं बोचकं सोडलं आणि तांदळाचं पीठ मळायला घेतलं. संध्याकाळी निकाह झाला असेल तेव्हा ती भाकऱ्या थापत होती.

पुढं एकदा अब्बास जेवता जेवता म्हणाला, "मुरादभाई, ती ओडेसाची बाई सोता वाढायची?"

"तर! मांडीला मांडी लावून बसायची."

"मंग आमची भाभी कधी दिसत नाय ती?"

बाकांवर हशा पिकला. "आपल्यात तशी रीत नाय बाबा," मुरादभाई म्हणाले आणि त्याला आणखी भात वाढला.

गिऱ्हाइकं पांगल्यावर बदरुन्निसा पडद्याशी आली. "तुमी अडकला व्हतात, तवा त्या बाईनं तुमाला जेवू घातलं. मी हितं अडकलीय. मला कोन घालतंय?"

मुरादभाई वाईट मनाचे नव्हते. शुक्रवारी नमाजाहून लवकर परतून त्यांनी दार लावलं, बाक मांडला, तिला बसवलं आणि स्वतः वाढलं. वाढताना मात्र त्यांनाच अवघडल्यागत झालं. मग त्यांनी विचारलं, "सार कसं झालंय?"

"मीठ कमी पडलंय," ती म्हणाली, आणि दोघंही हसली. दाराच्या फटीतून उन्हाची तिरीप तिच्या ताटावर आली होती. रस्त्यावरून बैलगाडी गेली, कुणी कुणाला हाक मारली. ती घास हातात धरून ऐकत राहिली. इथून सगळं किती जवळ होतं!

तेवढ्यात कडी वाजली. "या, या, घर आपलंच हाय!" मुरादभाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. मग ते दचकून तिच्याकडं वळले. तोवर ती अर्धं ताट उचलून आत गेली होती.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी पुन्हा बाक मांडला. ती आली नाही.

"का गो?"

"त्या दिशी आत परतले, तर चुलीपाशी काय दिसंना. नुसता अंधार. हात चाचपत फिरले. पुन्ना नको."

मुरादभाई म्हणाले, "मागल्या भितीला खिडकी पाडून देतो."

"मागं काय हाय? शेजाऱ्याची भित."

त्यांनी गवंडी बोलावला नाही, आणि तिनंही पुन्हा विषय काढला नाही. खाणावळीचं नाव मात्र वाढत गेलं. लांबलांबची माणसं मुद्दाम महाडात उतरून जेवू लागली, आणि मुरादभाईंनी भिंतीशी आणखी दोन बाकं टाकली.