पिपा वाजला की

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत, एका गॅरेजच्या टिनाच्या शेडमध्ये आमचा बँड सुरू झाला. 'आमचा' म्हणतो खरा, पण मी त्यात कधी कुठलं वाद्य वाजवलं नाही. वाजवणारे चौघे आणि दर रविवारी जाऊन ऐकणारे आम्ही पंधरा-वीस. गाणारा माझ्या वर्गातला, कारकुनाचा मुलगा. डफ वाजवणारा त्या गॅरेजचाच मेकॅनिक. गॅरेज चालवणाऱ्या आपल्या अब्बांच्या शिव्या खात काळ्या हातांनीच डफ तापवायचा. गिटार करकरायची आणि गाणारा शिरा ताणून पार टिपेला जायचा. गावच्या दंडारीच्या खेळातलं गाणं कोणी भांडत भांडत म्हणावं, तसं. याला फोक पंक म्हणतात हे फार उशिरा इंटरनेटवरून कळलं. तोवर आम्ही त्याला बोंबाबोंब म्हणायचो, तेही कौतुकानं.

पहिल्याच कार्यक्रमात माइक बंद पडला. मी समोरचा तेलाचा रिकामा पिपा उचलून बडवायला लागलो आणि गाणाऱ्यानं माइकशिवाय गाणं शेवटपर्यंत नेलं. त्या दिवशी त्यानंच नियम केला, की पिपा वाजला की ते गाणं म्हणायचंच, नाही म्हणायचं नाही. पिपा वाजवायचा मान माझा. पुढे मी राजूरला कोळसा खाणीच्या ऑफिसात लागलो, लग्न झालं, पोरं झाली, पण कार्यक्रम एकही चुकवला नाही. पिपा नेहमी गाडीच्या डिक्कीत.

गेल्या वर्षी बँडनं नवी गाणी काढली. सगळी संथ, खालच्या पट्टीतली. गिटारच्या जागी पेटी आली, डफावर काठीऐवजी नुसती बोटं. पूर्वी उभं राहून नाचणारे आमचे लोक आता खुर्च्यांवर बसून डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, आता कुठं शब्द समजून राह्यले. मला मात्र राग यायचा. दात होते तेव्हा चणे नव्हते. आता चांगला साउंड मिळतो तर हे आरती म्हटल्यासारखे गातात. नवं गाणं लागलं की मी सरळ चहाला उठून जायचो.

ढाणकीला बाजार समितीच्या आवारात दुपारचा कार्यक्रम होता. तिसरं संथ गाणं सुरू झालं आणि माझा संयम सुटला. ते संपताच मी पुढे जाऊन पिपा वाजवला. लोक हसले, टाळ्या पडल्या. गाणाऱ्यानं डफवाल्याकडे पाहिलं. डफवाल्यानं मान हलवून नको म्हटलं, हे मी स्पष्ट पाहिलं. मला वाटलं, आळस करून राह्यले साले. मी आणखी जोरात बडवला.

गाणारा उठला, माइकजवळ आला आणि जुन्याच पट्टीत गायला लागला. दोन ओळी अगदी तशाच. माझ्या अंगावर काटा आला. तिसऱ्या ओळीला तो वर गेला आणि आवाज फाटला. नुसती हवा येत होती. लोकांना वाटलं, आपण म्हणावं म्हणून तो थांबला. सगळ्यांनी उरलेलं गाणं उचललं. मीही म्हटलं, पिपा वाजवत, शेवटपर्यंत. तो गळ्यावर हात धरून उभा होता.

नंतर डफवाल्यानं मला टेम्पोमागे नेलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"डॉक्टरनं दीड वर्षाआधीच सांगतलं होतं, वरच्या पट्टीत गायला त गळा जाईन," तो म्हणाला. "म्हणून गाणे खाली आणले. तुले काय वाटलं, आम्ही थकलो?"

मी विचारलं, मग मला सांगितलं काहून नाही. तो म्हणाला, तुलेच नाही सांगायचं, असं गाणाऱ्यानं बजावलं होतं.

महिनाभर मला त्याच्याकडे जायचा धीर झाला नाही. गेलो तेव्हा त्याच्या बायकोनं दारातच सांगितलं, बोलायला पूर्ण बंदी आहे, कुजबुजायलाही. आवाज परत येईल का ते डॉक्टरही सांगत नाहीत. मी त्याच्यासमोर बसून माफी मागितली. नीट जमली नाही, मध्येच रडू आलं. त्यानं माझ्या गुडघ्यावर थाप मारली, मोबाइल घेतला, बराच वेळ टाइप केलं आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली.

"मी बी हट्टानंच गायलो. तुह्या एकट्याची चूक नाही. तुले सांगतलं नाही, कारण तू ते गाणे आजारी माणसाचे म्हणून आयकले असते. मले तसं नव्हतं पाह्यजे. आपल्या वयाच्या लोकायसाठी केले होते, तुलेही म्हणता येतीन अशे. त्यातलं कोनतं आवडलं?"

मी दोनदा वाचलं. एक तरी ओळ आठवावी म्हणून खूप धडपडलो. वीस वर्षांत एकही कार्यक्रम न चुकवलेला मी, मला त्यातली एक ओळ येत नव्हती. तो माझ्या तोंडाकडे पाहत उत्तराची वाट बघत होता.