अंगणातला पारा

खामगावात सराफ्याच्या मागच्या गल्लीत आम्ही जुनं घर घेतलं. मागे मोकळं अंगण होतं. तिथे भाजी लावावी म्हणून एका रविवारी मी कुदळ मारली, तर वीतभर खाली मातीत चकचकीत थेंब दिसले. काडीने हलवले की निसटत होते. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. तो पारा होता.

मुलीला मागे जायची बंदी केली आणि ज्यांच्याकडून घर घेतलं त्या चाचांना गाठलं. ते झारेकरी होते. सोनारांच्या दुकानातली झाडलोट, भट्टीची राख, नालीतला गाळ आणायचे, धुवायचे आणि पारा घालून त्यातले सोन्याचे कण धरायचे. मग पारा आणि सोन्याचा झालेला गोळा चुलीवर तापवला की पारा उडून जाई, सोनं उरे. अर्धं आयुष्य त्यांनी याच अंगणात हे काम केलं होतं.

खरं सांगते, मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या हातांकडे पाहत बसले.

"आमाले वाटे, उडाला म्हणजे गेला," ते म्हणाले. "हा तं तिथंच बसून राह्यला."

दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून आले. धुण्याची जागा कुठे, चूल कुठे, पाणी कुठे सांडायचं, सगळं दाखवलं. तिथली माती आणि बोअरचं पाणी आम्ही तपासायला दिलं. अहवाल येईपर्यंत मला धड जेवण गेलं नाही. पाणी चांगलं निघालं. माती दोनच कोपऱ्यांत खराब होती. घातक कचरा नेणाऱ्यांनी ती खणून, पिंपांत बंद करून नेली. तोवर चाचा समोरच्या ओट्यावर बसून होते.

गाडी गेल्यावर मी चहा दिला. तो संपवून ते म्हणाले, "बेटी, याच्या आधी मी अजून एका घरी हेच काम केलं. तिथं लेकरं हायेत. तू येशील का संगं? एकट्याले मले सांगता येनार नाही."

आम्ही त्याच संध्याकाळी गेलो. त्या घरच्या बाईने दार अर्धंच उघडलं. चाचांनी आधी आपण काय काम करत होतो ते सांगितलं, मग माफी मागितली.  तिने अंगणात खेळणारी लेकरं आत बोलावली आणि चाचांनी ती जागा दाखवावी म्हणून आम्हाला मागे नेलं.