हिशोबात नसलेला बोंबील

सर्व संबंधितांस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत तळलेल्या बोंबलाने दोन मध्यमवयीन कामगारांचा बळी घेतला आहे. त्यातला एक मी. दुसरा माझ्याच पाळीतला, पाम गावचा काशिनाथ. बोंबील तळणारा आमचा कँटीनवाला. त्याचं नाव मी घेणार नाही, तोंडाची चव जाते.

ताट पुढे केलं की तो आधी इकडेतिकडे बघायचा, जणू सोन्याची तस्करी चालली आहे. मग एक जास्तीचा बोंबील अलगद ताटात सोडायचा आणि कुजबुजायचा, "ह्यो हिशोबात नाय." आपण त्याचे खास, या आनंदात मी जेवायचो. हे तो प्रत्येकाच्या कानात कुजबुजत होता, ते फार उशिरा कळलं.

तारापूरच्या रस्त्यावर त्याला दुसरं कँटीन टाकायचं होतं. पतपेढीच्या कर्जाचा, जामीनदारांच्या सह्यांचा फॉर्म त्याने आमच्या ताटांशेजारीच पसरला.

"नुसती सही हाय. पैसे काय तुमी भरनार हाय?"

आम्ही हात पुसून सही केली. एवढीच काय ती दक्षता.

नवं कँटीन वर्षभरात बसलं. वकिलाने त्याला नादारीचा अर्ज करायला सांगितलं. आता आमची हुशारी बघा. कोर्टाने त्याला नादार ठरवलं की कर्जच मिटलं, म्हणजे आपणही सुटलो, असं आम्ही दोघांनी पक्कं धरलं. म्हणून दर तारखेला रजा टाकून आम्हीच त्याला पालघरच्या कोर्टात नेलं. रिक्षाचं भाडं मी द्यायचो. निकाल लागला त्या दिवशी काशिनाथने पेढे आणले आणि पहिला त्याला भरवला. डोळे पुसत कँटीनवाला म्हणाला, "तुमी व्हता म्हनून."

त्याचा खरा अर्थ पतपेढीच्या नोटिशीतून कळला. आम्ही धावत गेलो. कारकून चहा पीत होता.

"नादार ते झाले. तुम्ही कुठे झालात? तुम्हाला पगार आहे ना?"

पुढच्या महिन्यापासून दोघांच्या पगारातून कपात सुरू झाली. माझं भागलं. पण काशिनाथच्या मुलीचा नर्सिंगला नंबर लागला होता. फीसाठी तो कर्ज मागायला गेला, तर थकलेल्या कर्जाचा जामीनदार म्हणून त्याचा अर्ज परत आला. प्रवेशाची मुदत गेली. पोरगी आता आमच्याच फाटकातून डबा घेऊन पॅकिंगला येते. बाप दुसरीकडे बघतो.

काशिनाथ कँटीनवाल्याला एका शब्दाने बोलला नाही. मी दोघांच्या वाटच्या शिव्या दिल्या. तो ऐकून घ्यायचा आणि माझ्या ताटात बोंबील सोडायचा. मी खायचो. त्याच्यासारखा बोंबील वसाहतीत दुसरा कोणी तळत नाही, याचाही मला राग आहे.

ठेका संपला, तो वापीला मुलाकडे निघाला. शेवटच्या दुपारी कंपनीने शाल दिली, टाळ्या झाल्या. मग तो स्वतः वाढायला उठला. काशिनाथपाशी येऊन थबकला. या वेळी इकडेतिकडे बघितलं नाही. दोन बोंबील ताटात सोडले आणि हळूच म्हणाला, "ह्ये हिशोबात नाय."

काशिनाथ ताट घेऊन उभा राहिला. सगळं कँटीन ऐकत होतं.

"आजवरचे सगळे बोंबील हिशोबात धर," तो म्हणाला, "आन् माझी सही परत दे."