भुलवून भरवलेले घास

इस्पितळात तिला सगळे घासवाली म्हणायचे. कागदोपत्री ती साधी आया. पण पेशंट जेवत नाही म्हटलं की नर्स डॉक्टरांच्या आधी हिला हाक मारायची. रुसलेल्या म्हाताऱ्याशी ही मुद्दाम भांडण उकरून काढायची. तो तावातावानं उत्तर द्यायला तोंड उघडायचा, की चमचा आत! लहान पोरांना म्हणायची, "खबरदार हात लावलास तर, हे माझंय," आणि पोर वाटी ओढून घ्यायचं. बाकी बाबतीत बावळट म्हणा हवं तर, पण या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आणि हिची आई कोण? जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेली, नाकावर माशी बसू न देणारी बाई. तिची ही एकुलती एक लेक शाळेत नेमकी इंग्रजीतच आपटली. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! लेकीनं आयाची नोकरी धरली तेव्हा आईनं अबोला धरला. पुढे अबोला सुटला, पण लेकीच्या कामाबद्दल बरा शब्द कधी तोंडातून निघाला नाही. लेकीला ते आत कुठेतरी सलत राहिलं ते राहिलंच.

मग आईच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी हात टेकले, घरी न्या म्हणाले. घरी आल्यावर आईनं खाणंच सोडलं, आणि घासवाली इरेला पेटली. जगाला भरवते, आणि सख्ख्या आईला नाही? रजा टाकून ती चुलीपाशीच बसली. भोपळ्याचं सूप गाळ, भात मऊ करून कालव, भांडण काढ, गाणी म्हण, खोटं खोटं रड. आई कसंबसं खायची. "बघ, अंगाला लागतंय," लेक म्हणायची. कसलं लागतंय! आईच्या हातातली बांगडी कोपरापर्यंत वर जायला लागली होती. दिसत होतं सगळं, पण बघायचं कुणाला होतं?

एका दुपारी आईनं मान फिरवली ती फिरवलीच. तेव्हा लेकीनं ठेवणीतला डाव काढला. चमचा तयार धरून म्हणाली, "बाई, डिलिशस म्हणजे काय हो? मी नापास पोरगी, सांगा ना."

आई वळली. शिकवायचं म्हटलं की ती मेलेलीसुद्धा उठली असती. "चविष्ट, असं लिहितात सगळे. निबंधात घालून घालून चोथा केला त्या शब्दाचा. मूळ बघावं माणसानं. लॅटिनमधून आलाय तो. त्या मुळात चव नाहीच. भुलवणं आहे. लालूच दाखवून दूर ओढून नेणं."

चमचा ओठांशी आला. आईनं तो हळूच बाजूला केला.

"तू तेच करतेस. फार छान करतेस. मी इतकी वर्षं वर्गात घसा फोडला, पण मला एक पोर असं वळवता आलं नाही."

"मग आ कर ना. एवढा एकच."

"नको गं. प्रत्येक घास चिरत उतरतो. तुझं तोंड उतरू नये म्हणून गिळत होते इतके दिवस. आता नको भुलवूस. जाऊ दे मला."

ज्या शाबासकीसाठी उभा जन्म झुरली ती मिळाली, आणि मिळाली ती अशी! घासवाली पलंगाच्या कडेवर डोकं टेकून हमसून हमसून रडली. आपण आईला जगवत नव्हतो, छळत होतो, हे तिला कळलं, आणि कळून सोसवेना.

आईनं रडू दिलं. मग विचारलं, "सकाळपासून तू काय खाल्लंस?"

काहीच खाल्लं नव्हतं. आईनं तिचं मनगट धरलं आणि चमचा तिच्याच तोंडाकडे वळवला. "आ कर."

लेकीनं तोंड उघडलं. घास उतरेपर्यंत आई बघत राहिली, मग दुसऱ्याची खूण केली. मग आईचा हात उचलवेना, तेव्हा ती नुसत्या डोळ्यांनी सांगू लागली, घे. वाटी अशी रिकामी झाली. लेकीनं ती धुऊन पालथी घातली, आणि आईसाठी दुसरी भरली नाही.