भरती

आम्हा नागपूरकरांना समुद्र नकाशातलाच. मी शाळेत असताना बाबांच्या ऑफिसातली मंडळी भर पावसात कोकणच्या किनाऱ्याने पायी फिरायला गेली, आणि बाबांनी मलाही नेलं. खडकांना वळसा घालताना पुढचा वाटाड्या ओरडला, "भरती! पळा!"

आमच्याकडे माणूस भरती होतो तो दवाखान्यात. बाबा तिथेच थांबून विचारू लागले, "कोणाले भरती केलं गा?"

तेवढ्यात लाट माझ्या कमरेवर आदळली, मागची वाट पाण्याखाली गेली. वाटाड्याने आम्हाला खेचून वर घेतलं.

बाबा हा किस्सा हसत हसत सांगायचे. कसलं डोंबलाचं हसू! मी उठून जायचे.

पुढे एका पावसाळ्यात भाऊ दारात येऊन म्हणाला, "बाबाले भरती केलं."

मी आधी पायांखाली पाहिलं.