दत्तारामने काढलेला हीटर

रत्नागिरीत हीटर लागतो कुणाला? पौषातसुद्धा इथली माणसं दुपारी अंगातला शर्ट काढून ओटीवर पंख्याखाली बसतात. त्यामुळे १९६९ साली दत्ताराम तांबेने आठल्यांच्या इंग्रजी गाडीतून तो पत्र्याचा डबा काढला, तेव्हा आपण हीटर काढतोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

गाडी दोन माणसांची, उघडी, लाल. आठल्यांच्या मोठ्या अण्णांनी ती मुंबईच्या एका साहेबाकडून घेतलेली. दत्ताराम तेव्हा चोवीस वर्षांचा, मुंबईत दोन वर्षं काम शिकून आलेला, आणि बौद्धवाडीतून गॅरेज काढणारा पहिला माणूस. इंजिनामागच्या त्या डब्यातून पाणी गळत होतं. डबा कशाचा, ते काही त्याला उमगेना. कुणाला विचारावं, तर 'तांब्यांच्या पोराला कळत नाही' हे संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. म्हणून त्याने दोन्ही नळ्या बुजवल्या, भोकावर पत्र्याचं झाकण ठोकून रंगवलं आणि गाडी चालू करून दिली. अण्णा खूश. डबा घरी गेला. आतलं जाळीचं काहीतरी काढून टाकून जाईबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्यात मिरकरवाड्याहून आणलेले सुके बोंबील भरले. पुढे तो काय होता हे दत्तारामला कळलंही, पण तोवर सांगायचं कुणाला आणि कशाला?

अण्णा गेले, गाडी त्यांच्या मुलाकडे, श्यामभाऊंकडे आली. श्यामभाऊ कलमांच्या बागेतला माणूस, गाडीतलं त्यांना पेट्रोल कुठे घालायचं एवढंच कळे. बाकी सगळा दत्तारामचा शब्द. गाव चेष्टेने म्हणायचं, की भाऊ बायकोचं ऐकणार नाहीत, पण दत्ताराम म्हणाला तर गाडीला गवत घालतील.

२००२ च्या दिवाळीत पुण्याहून भाऊंचा भाचा मुकुल आला. याला जुन्या गाड्यांचं वेड. त्याने बॉनेट उघडलं आणि बोट नेमकं त्या झाकणावर ठेवलं.

"मामा, हे कारखान्यातलं वाटत नाही. इथे हीटर असणार."

भाऊंनी शेजारी उभ्या असलेल्या दत्तारामकडे बघितलं. आता सांगून टाकायला काय हरकत होती? तेहेतीस वर्षांपूर्वीची चूक, सगळे हसले असते आणि चहा प्याले असते. पण समोर कालचा पोर, गळ्यात कॅमेरा, आणि त्याच्या देखत आपण अडाणी ठरायचं? दत्ताराम म्हणाला, "नाय. गाडी आली तशीच हाय. हीटर नव्हताच."

"ऐकलंस?" भाऊ भाच्याला म्हणाले. "दत्ताराम म्हणतो नव्हता, म्हणजे नव्हता."

मुकुलने वाद घातला नाही. कारखान्याच्या जुन्या वह्या विलायतेत जपून ठेवल्या आहेत, त्यांत प्रत्येक गाडी काय काय लावून बाहेर पडली ते लिहिलेलं असतं, असं सांगून त्याने तिकडे पत्र धाडलं. वैशाखात कागद आला.

भाऊ शेडच्या सावलीत खुर्ची टाकून बसले, हातात कागद आणि पेन्सिल. दत्ताराम गाडीपाशी उभा.

"तारांची चाकं?"

"हायत, भाऊ."

भाऊंनी मान वर न करता खूण केली.

"पुढेमागे होणारं स्टिअरिंग?"

"हाय."

खूण. मग भाऊ थांबले आणि एकदम हसले. "हे बघ! यांनी हीटर लिहिलाय. साहेबाचा कारकूनही डुलक्या काढतो म्हणायचा!"

बाकीची यादी तशीच ठेवून त्यांनी तिथल्या तिथे कारखान्याला पत्र लिहिलं आणि दत्तारामला मराठीत सांगितलं, "तुमच्या वहीपेक्षा माझा माझ्या मेकॅनिकच्या शब्दावर विश्वास आहे, असं लिहिलंय. जाताना पोस्टात टाक."

दत्तारामने ते खिशात घातलं. पोस्ट वाटेतच होतं. तो पेटीसमोर उभा राहिला आणि तसाच घरी गेला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं होतं.

दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा. वाडीच्या विहारात पंचशील तोच सांगायचा आणि मागून सगळे म्हणायचे. तीन शीलं झाली. चौथं खोटं न बोलण्याचं. ते तोंडातून फुटेचना. वाडी हात जोडून वाट बघत राहिली. शेवटी पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या सगुणाने ते म्हटलं, आणि लोक तिच्या मागून म्हणाले. वयामुळे घसा बसला असेल, असं सगळ्यांनी धरलं. त्यांना तसं वाटलं याचीही त्याला लाज वाटली.

घरी येऊन त्याने फळीवरचा डबा उतरवला आणि बोंबील सुपात ओतले.

"अवो, ह्ये आता कुठं ठेवू मी?" जाईबाई म्हणाली.

चिंच लावून त्याने डबा तीनदा घासला, तरी वास जाईना.

आठल्यांच्या शेडमध्ये जाऊन त्याने भाऊंच्या पुढ्यात डबा ठेवला आणि त्यावर ते पत्र. "भाऊ, ह्यो हीटर. मीच काढला. तवा मला कळत नव्हतं ह्ये काय हाय ता."

भाऊंनी डबा उचलला, वास घेतला, खाली ठेवला. रागावले असते तर दत्तारामला सोपं गेलं असतं.

"तेव्हा कळत नव्हतं, ते समजलं," भाऊ म्हणाले. "पण मुकुलसमोर?"

दत्ताराम पायाकडे बघत राहिला. भाऊंनी पत्र फाडलं, आत चहा सांगितला, दोघे प्यायलेही.

"उरलेलं बघून टाकू," भाऊ म्हणाले. "तेलाचा कूलर?"

"हाय, भाऊ."

पेन्सिल वाजली नाही. दत्तारामने वळून बघितलं. भाऊंनी चष्मा लावला होता. गुडघ्यावर हात देऊन ते उठले, गाडीपाशी आले, वाकून कूलरला बोट लावून बघितलं, मग खुर्चीत जाऊन खूण केली.

यादीत अजून चार गोष्टी होत्या. भाऊ चार वेळा उठले, आणि दत्ताराम दर वेळी त्यांना वाट देऊन बाजूला झाला.