तलवारींची तिर्री

त्या पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी आमच्या शाहूपुरीच्या गल्लीत शिरलं आणि चार दिवस राहिलं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर होतो. तळमजल्यावरच्या बाईंना माझा नवरा पहिल्याच सकाळी वर घेऊन आला. येताना त्यांनी एक पिशवी आणली होती. तिच्यात दोन लुगडी, चष्मा आणि लाल रेशमी कापडात बांधलेली एक पुडी होती.

बाई एका कॉलेजात ग्रंथपाल होत्या, तेव्हा निवृत्त होऊन पाचसहा वर्षं झाली होती. सीमेकडच्या लिंगायत घरातल्या. लग्न केलेलं नव्हतं. गळ्यात इष्टलिंग, कपाळाला भस्माची पुसट रेघ. मला त्या ‘तंगी’ म्हणायच्या. कन्नडमध्ये तंगी म्हणजे धाकटी बहीण. वयानं मी त्यांची मुलगी शोभले असते, पण त्यांनी मला बहीणच मानलं.

ते चार दिवस आठवतात ते झोपेतल्यासारखे. वीज नव्हती. खिडकीतून खाली पाहिलं की रस्त्याच्या जागी तांबूस, संथ पाणी. त्यावरून कुणाची तरी चप्पल, कुणाचा पाट, एखादं हिरवं केळ जात असायचं. कसलाही आवाज नाही. बाई खिडकीशी बसून लाल पुडीतले पत्ते एकेक करून मांडीवर ठेवायच्या. खेळायचे नव्हेत, मोठे, चित्रांचे, टॅरो म्हणतात ते. एक कंदील घेतलेला म्हातारा, एक पडणारा बुरूज, एक चंद्र. बावीस होते.

“बाकीचे छप्पन्न खालच्या ड्रॉवरमध्ये राहिले,” त्या म्हणाल्या. “धाकटे पत्ते. लोक त्यांच्याकडे बघत नाहीत फारसं. पण रोजचं सगळं त्यांच्यात असतं.”

पाणी उतरल्यावर आम्ही खाली गेलो. गाळानं फरशी दिसत नव्हती. ड्रॉवर ओढून काढला तर छप्पन्न पत्ते फुगून, एकमेकांना चिकटून त्यांचा एकच लगदा झाला होता. बाईंनी तो हातात धरला, वास घेतला आणि गाळाच्या टोपलीत ठेवला. मग माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “तंगी, तू मला हे पत्ते नव्यानं काढून देशील?”

मी तेव्हा कबनूरच्या एका यंत्रमाग कारखान्यात साड्यांच्या किनारीची डिझाइनं काढायचे. आठवड्यातून चार दिवस बसनं जायचं आणि ग्राफपेपरच्या बारीक चौकोनांत कोयऱ्या, मोर, वेली भरायच्या. त्या चौकोनांबाहेर मी कितीतरी वर्षांत काही काढलं नव्हतं. तरी मी हो म्हणाले. का म्हणाले, ते तेव्हा कळलं नाही.

ते पत्ते बाईंना एका परदेशी बाईनं दिले होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती कोल्हापुरात अभ्यासाला आली होती, दोन वर्षं बाईंच्या शेजारी राहिली आणि जाताना पत्ते आणि हातानं लिहिलेली एक वही ठेवून गेली. वही माळ्यावर असल्यानं पुरातून वाचली होती. पण बाईंना ती पाठच होती. गल्लीतल्या बायका कधी विचारायला आल्या, की मुलाला नोकरी लागेल का, जागा मिळेल का, तर बाई म्हणायच्या, “पुढचं मला कळत नाही. आत्ता तुझ्या मनात काय चाललंय, तेवढं बघू या.” काहीजणी निराश होऊन जायच्या. काहीजणी दुपारभर बसायच्या.

भाद्रपद लागला तशी माझी शिकवणी सुरू झाली. सुट्टीच्या दुपारी मी खाली जायची. भिंतींवर कमरेइतक्या उंचीवर पुराची रेघ तशीच होती. बाईंनी एका कोऱ्या कागदावर दहा वर्तुळं काढली. तीन उभ्या ओळींत, वर एक, खाली एक, आणि मध्ये रेघांनी जोडलेली.

“हे झाड आहे,” त्या म्हणाल्या. “ज्यू लोकांची एक गूढविद्या आहे, कब्बाला. त्यांचं म्हणणं, देव एकदम जगात उतरत नाही. दहा ठिकाणी थांबत थांबत येतो. पहिलं केतेर, म्हणजे मुकुट. शेवटचं मलखुत, म्हणजे हे आपलं राज्य, ही माती, हा गाळ. वहीवालीच्या परंपरेत पत्ते या झाडावर बसवलेत. एक्का पहिल्या ठिकाणचा, दुर्री दुसऱ्या, दश्शी मलखुतातली.”

“आणि चार रंग?”

“छड्या, पेले, तलवारी, नाणी. विस्तव, पाणी, वारा, माती. त्यांच्याकडे जगंही चार आहेत, एकाखाली एक. वरच्या जगात नुसता संकल्प. मग घडण, मग आकार, मग प्रत्यक्ष करणी.”

मी जरा विचार करून म्हणाले, “आमच्याकडंपण असंच आहे. किनार आधी डोक्यात येते. मग ग्राफवर. मग जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उचलणाऱ्या यंत्राच्या, पुठ्ठ्याला भोकं पाडतात. मग मागावर कापड.”

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “वहीत हे इतकं सोपं नाही लिहिलेलं,” त्या म्हणाल्या.

मी नाण्यांपासून सुरुवात केली. नाण्यांच्या जागी जोतिबाच्या गुलालानं माखलेली तांब्याची चकती काढली. पेले काढले ते आमच्या घरातल्या पितळी फुलपात्रांसारखे. छड्या उसाच्या. बाई काही बदलायला सांगत नसत, फक्त मांडणी झाडाबरहुकूम आहे का ते बघत. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी पुठ्ठा पुढे घेऊन बसायची. एकदा माग दुरुस्त करणारा आमचा जॉबर मागे येऊन उभा राहिला.

“म्याडम, ही डिझाईन कुठल्या पार्टीची हाय?”

“पार्टीची न्हाय. माझीच हाय.”

“मग ब्येस हाय की,” म्हणून तो मागाकडे गेला. शेडभर मागांचा खडखडाट चाललेला, हवेत कापसाची धूळ तरंगत असलेली, आणि माझ्या डोळ्यांपुढे पेल्यांच्या सत्तीतली सात फुलपात्रं ढगात. बसमधून परत येताना उसाचे तुरे दिसले की मला छड्याच दिसायच्या. कुठलं जग कुठं संपतं, ते त्या दिवसांत मला नीट सांगता आलं नसतं.

तलवारींची दुर्री झाली आणि मी अडकले. तिर्रीवर वहीत एक लहानसं रेखाचित्र होतं. हृदय, आणि त्यातून आरपार गेलेल्या तीन तलवारी. मी ते चार वेळा काढलं, चारही वेळा फाडलं. पाचव्या वेळी हातच चालेना.

“हे कसलं आहे?” मी बाईंना विचारलं.

“दुःखाचं. तिसरं ठिकाण आईचं. तिथं रूप पहिल्यांदा पोटात धरलं जातं. त्याला काळा समुद्रही म्हणतात. नाव बिना.”

“बिना?”

“त्यांच्या भाषेत बिना म्हणजे समज. आपल्यात बिना म्हणजे कुणावाचून.” त्या म्हणाल्या. “मला नेहमी वाटतं, दोन्ही एकच असावं.”

मी रडायला लागले.  बाईंनी उठून पाण्याचा तांब्या आणून पुढे ठेवला. मग मीच सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी, सातव्या महिन्यात, मला मुलगी झाली होती. रडली नाही. मला दाखवलीही नाही. मी शुद्धीवर आले तेव्हा नवरा आणि मोठे दीर तिला घेऊन गेले होते. त्यानंतर घरात कुणी तो विषय काढला नाही. पुढे पुन्हा दिवस राहिले नाहीत. ती कुठे आहे हे मी कधी विचारलं नव्हतं आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

“तिर्री राहू दे,” बाई म्हणाल्या. “आधी तुझ्या नवऱ्याला विचार.”

विचारायला मला आठ दिवस लागले. माझा नवरा दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत होता, शाहूवाडीकडच्या शेतकरी घरातला, मोजकं बोलणारा. रविवारी सकाळी तो चहा पीत होता.

“तिला कुठं ठेवलंय?” मी म्हणाले.

कुणाला, असं त्यानं विचारलं नाही. कप खाली ठेवला. “गावाकडं. आपल्या रानात, वरच्या अंगाला हिरड्याचं झाड हाय, त्याच्या बुडाला.”

“मला का नाही सांगितलं?”

“आई म्हणाली, सांगू नका, इसरंल ती.” मग म्हणाला, “मला बी इसरंल वाटलंतं.”

“तुम्ही जाता तिथं?”

“गावी गेलो की जातो. व्हय.”

नऊ वर्षं तो एकटा जात होता, आणि मी समजत होते की एकटी मीच आहे. मला राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण त्याचे हात मांडीवर उपडे पडलेले दिसले आणि मी म्हणाले, “आज जाऊ या.”

दुपारी आम्ही पोचलो. भात पिवळं पडत आलं होतं. बांधावरून तो पुढे, मी मागे. डोंगरावरून धुकं उतरत होतं आणि ऊनही होतं. हिरड्याखाली काहीच खूण नव्हती. गवत, दोन काळे दगड, आणि शेजारून वाहणारा एक अरुंद ओहोळ, ज्याला एका जागी डोह होता, परातीएवढा. पाणी इतकं स्वच्छ की काळं दिसत होतं. आम्ही दगडांवर बसलो.

“कशी होती?” मी विचारलं.

“केस लई होतं,” तो म्हणाला. “तुझ्यावाणी.”

मी डोहात हात घातला. पाणी गार होतं, पण हात काढावासा वाटला नाही. भातावरून वारा जायचा तेव्हा सगळं शिवार एकदम कुशीवर वळल्यासारखं व्हायचं. किती वेळ बसलो ठाऊक नाही. गुरं परतायला लागल्यावर उठलो.

तिर्री मी दुसऱ्या दिवशी एका बैठकीत काढली. हृदय नाही काढलं. एक काळा डोह आणि त्यात टोकं बुडवून उभ्या तीन तलवारी. रक्त नाही. फक्त प्रत्येकीभोवती पाण्याची वलयं, एकमेकांत मिसळत गेलेली.

बाईंनी पत्ता खिडकीच्या उजेडात धरला. “गेलीस वाटतं,” एवढंच म्हणाल्या.

संक्रांतीच्या सुमाराला छप्पन्न पुरे झाले. तोवर बाईंच्या भावाच्या मुलानं त्यांना निपाणीला घेऊन जायचं ठरवलं होतं. पुन्हा पाणी आलं तर, याची त्याला भीती वाटत होती. जायच्या आदल्या दुपारी त्यांनी फरशीवर अठ्ठ्याहत्तर पत्ते मांडले, जुने बावीस वर आणि माझे खाली, झाडाच्या आकारात. आम्ही दोघी कडेनं चालत बघत राहिलो. कुणी काही विचारलं नाही. ऊन सरकत सरकत पत्त्यांवरून गेलं, मग त्यांनी ते गोळा केले.

नवरा आणि मी दर दिवाळीत हिरड्याकडे जायला लागलो. सासूबाईंनी पहिल्या वर्षी काही म्हटलं नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही निघताना त्यांनी माझ्या हातात करंजीची पुडी दिली आणि आत गेल्या.

मी एकदा निपाणीला गेले होते. बाईंकडे शेजारची एक तरुण बाई बसली होती. तिनं काढलेल्या पत्त्यांत माझी तलवारींची तिर्री आली होती. मी कोण ते तिला माहीत नव्हतं. ती पत्त्याकडे वाकून बघत होती.

“पाणी गार असंल न्हवं इथलं?” ती बाईंना म्हणाली.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “व्हय. गारच असतंय.”